डोलीत गेलेली गाडी

त्या शनिवारची वही अजून माझ्याकडे आहे, पण ती उघडावी लागत नाही. कुठल्या ओळीत शाई फुटली आहे आणि कुठल्या ओळीत माझी चूक आहे, दोन्ही पाठ आहेत. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो तपास केले. हा एक तपास मात्र निवृत्तीनंतरचा, परक्या देशातला. अंगावर वर्दी नव्हती, अधिकार नव्हता.

पत्नी गेल्यावर मुलगी मला शारजाला, अल नहदातल्या तिच्या फ्लॅटवर घेऊन आली. मी बरोबर आणलं ते थोडंच होतं. पुस्तकांच्या दोन बॅगा, कपडे आणि पत्नीचा बंद पडलेला फोन. दिवसभर मी वाचत बसे. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या ताई चहाला येत. त्या कोल्हापूरच्या. त्यांच्या यजमानांचं औद्योगिक क्षेत्रात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. ते सहा महिन्यांपूर्वी गेले. आम्ही दोघं एकमेकांना सांत्वनाचं काही बोलत नसू, म्हणूनच कदाचित तो चहा बरा वाटे.

त्या दिवशी ताई सकाळी साडेनऊलाच आल्या. चप्पल दारात काढायची विसरल्या.

"काका, ह्यांची गाडी गेली."

ती गाडी मला ऐकून माहीत होती. साठ वर्षांपूर्वीची, दोन सीटची, उघडी, गडद हिरवी विलायती स्पोर्ट्स कार. यजमानांनी ती भंगारातून उचलली होती आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या मदतीने, दर शुक्रवारी थोडं थोडं करत, अकरा वर्षं ते ती उभी करत होते. रंग झाला, चामड्याच्या सीटा झाल्या. इंजिन तेवढं सुरू व्हायचं राहिलं आणि ते गेले. आता वर्कशॉपची शेड रिकामी करायची होती. ताईंचे दीर सगळा व्यवहार बघत होते. त्यांनी गिऱ्हाईक आणलं होतं, ते त्याच संध्याकाळी पाच वाजता यायचं होतं.

"कुलूप तोडलंय?"

"नाही. किल्ली मिस्त्रीकडे असते. त्याचा फोन बंद आहे. भाऊजी म्हणतात, चार वाजेपर्यंत गाडी आली नाही तर पोलिसांत तक्रार." त्या थांबल्या. "काका, बुधवारी त्याचं तिकीट आहे. पस्तीस वर्षांनी कायमचा गावी चाललाय. तक्रार झाली तर त्याला इथून हलू देणार नाहीत. ह्यांनी त्याला कधी नोकर म्हटलं नाही हो."

मी पुस्तकात खूण घातली आणि बूट शोधायला लागलो. मुलीला सुट्टी होती. तिने गाडीची किल्ली घेतली आणि लिफ्टमध्ये मला बजावलं, "बाबा, एक रिक्वेस्ट आहे. इथे कुणाला क्रॉस-एक्झॅमिन करायचं नाही. तुम्ही टुरिस्ट आहात."

"बघ्या म्हण," मी म्हणालो.

साडेदहाला आम्ही शेडवर पोचलो. दीर बाहेरच उभे होते, घामाघूम. "या काका. इथे तुमचा पोलिसी खाक्या चालत नाही हां. आणि तपास कसला करायचाय? चोर माहीत आहे."

घटनास्थळी पहिला शब्द जो बोलतो त्याला काहीतरी दिसायचं राहतं, असा माझा अनुभव आहे. मी दारापासून आत, डावीकडून उजवीकडे, पंचनाम्याच्या सवयीने बघत गेलो. दार बुटकं. आत तेलाचे डाग, त्यात गाडी उभी असायची तो कोरा चौकोन. आणि बेंचवर, जुन्या लुंगीत गुंडाळलेला, हाताएवढा जाड एक लांब लोखंडी दांडा. शेजारी चहाच्या काचेच्या ग्लासात चार बोल्ट, चार नट.

"प्रोपेलर शाफ्ट," दीर म्हणाले. "इंजिनची ताकद मागच्या चाकांना देतो तो. बघितलंत? सुटे भाग करून विकायला सुरुवात झाली. जुन्या गाडीला आख्खीपेक्षा तुकड्यांत जास्त भाव येतो."

मला ते पटलं. कबूल करतो, पूर्ण पटलं. सुटा केलेला भाग बघितला की चोरीचा माल डोळ्यांसमोर येतो, चौतीस वर्षांची नजर आहे ती. फक्त ती लुंगी मला खुपली. चोर भाग पोत्यात कोंबतो, पण ह्याने बाळाला दुपट्यात घ्यावं तसा गुंडाळला होता. हेही मी वहीत लिहिलं आणि विसरलो.

समोरच्या गोदामाचा पहारेकरी मुलतानकडचा, सावलीत खाट टाकून बसलेला. मुलगी गाडी सावलीत लावायला गेली होती; मी त्याला आधी घरचं विचारलं, मग उन्हाचं, मग गाडीचं.

"वो? वो तो सुबह छे बजे डोली में बैठ के गई, साहब."

"किस के साथ?"

"मिस्त्री के साथ. बडे आराम से गई. खलास."

दीर हसले. मला राग आला. डोलीत बसून जाते ती नवरी. हा माणूस एका बाईच्या नुकसानीवर विनोद करत होता आणि गालातल्या गालात सुपारी चघळत होता. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं, वर हातांनी काहीतरी उचलल्याची खूण केली. मी वहीत लिहिलं: 'पहारेकरी म्हणतो, गाडी डोलीत बसून गेली. टिंगल करतो. जबाब भरवशाचा नाही.' हीच ती ओळ.

त्या ओळीने आमचे दोन तास खाल्ले. सुट्या भागांचा बाजार म्हणून आम्ही जुन्या पार्ट्सची दुकानं हिंडलो. एका दुकानातून दुसऱ्यात, हिरवा दरवाजा, हिरवं बॉनेट काही आलंय का विचारत. एक दुकानदार म्हणाला, "हबीबी, ऐसी गाडी इधर आती तो पूरा बाजार देखने आता." सव्वा वाजला. जूनचं ऊन काचेतून मांडीवर पडत होतं. मुलीने सिग्नलला माझी वही घेतली, माझं अक्षर वाचत गेली आणि एकदम हसायला लागली. मी बऱ्याच महिन्यांनी तिला तसं हसताना पाहिलं.

"बाबा, डोली नाही. डॉली. टो डॉली."

"म्हणजे?"

"दोन चाकांचा छोटा गाडा असतो. पिकअपच्या मागे लावतात. त्याच्यावर गाडीची पुढची चाकं चढवून पट्ट्याने बांधायची, मागची चाकं रोडवर चालतात. रेंटवर मिळते. तो बिचारा तुम्हाला एक्झॅक्टली सांगत होता."

खबर सकाळी अकरा वाजताच मिळाली होती, खरी, पुरी, साक्षीदाराच्या तोंडून. मी ती मराठीत ऐकली होती.

"यल्ला, चल लवकर," मी म्हणालो. मुलीने माझ्याकडे चमकून बघितलं आणि गाडी वळवली.

डॉली भाड्याने देणाऱ्यांचं तिसरं दुकान बरोबर निघालं. मालक मल्याळी, चष्मा कपाळावर. "हां, ओल्ड मॅन. कल शाम को ले गया. आज चार बजे वापस देगा. बहुत सताया मेरे को. पट्टा बदलो, ये पट्टा गाडी का पेंट खराब करेगा. तीन बार बदला."

"कहाँ ले गया?"

त्याने वही फिरवली. उम्म अल कुवैन, शेजारची अमिरात, औद्योगिक भाग. मी निघता निघता सहज विचारलं, "गाडी का शाफ्ट निकाला है उसने. बेचने के लिए?"

मालकाने चष्मा डोळ्यांवर घेतला. मी त्याच्या आईबद्दल काही बोललो असेन तसा चेहरा केला. "साब, पुराना गाडी है, रिअर व्हील. पीछे का पहिया रोड पे घूमेगा तो शाफ्ट घूमेगा, शाफ्ट घूमेगा तो गिअरबॉक्स. इंजिन बंद, अंदर ऑइल नहीं फिरता. गिअरबॉक्स जल जाएगा. इसलिए शाफ्ट निकालने का. आजकल कौन निकालता है? सब ऐसे ही खींच के ले जाता है. वो निकाला, मतलब गाडी उसका जान है."

मी तिथे उभा राहिलो. बेंचवरची लुंगी, ग्लासातले चार बोल्ट. ज्या पुराव्यावर मी त्याला चोर ठरवलं होतं, तोच पुरावा उलटा फिरून माझ्याकडे बघत होता.

दोन वाजून दहा मिनिटं. उम्म अल कुवैनच्या रस्त्यावर मुलीने वेगमर्यादेच्या काट्यावर गाडी ठेवली. तिथल्या औद्योगिक भागातल्या गल्ल्या थोड्या आणि शांत आहेत. चौथ्या गल्लीत एका जुन्या लेथच्या कारखान्यासमोर पिकअपला जोडलेली पिवळी डॉली उभी होती, मोकळी. मी गाडी थांबायच्या आधी दार उघडलं म्हणून बोलणी खाल्ली.

आत हिरवी गाडी उभी होती, आख्खी. बॉनेट वर. एक अरब म्हातारा, गुडघ्याला पट्टा बांधलेला, स्टुलावर बसून कार्ब्युरेटरमध्ये डोकं घालून होता. आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते.

चौकशीत मी पहिला प्रश्न बिनमहत्त्वाचा विचारतो, आणि तो विचारताना माणसाचे हात बघतो. खोटं बोलणारा हातातलं काम आधी टाकतो. मी विचारलं, "चहा झाला का, चाचा?"

"नाय झाला. तो बारा नंबरचा पाना द्या जरा," गाडीखालून आवाज आला, कोकणातल्या खेडकडच्या मराठीत.

मी पाना दिला. "हा नव्हं, सायेब. बारा म्हटला. हा चौदाचा." मग तो सरपटत बाहेर आला. पांढरी दाढी, एक कान तेलाने काळा. मी कोण ते सांगितलं. तिकडे काय चाललंय तेही सांगितलं. तो घाबरला नाही, त्याला वाईट वाटलं.

"मी चोरी केली? शाफ्ट गुंडाळून ठेवला, बोल्ट ग्लासात ठेवले, चोर असा करतो काय? ह्या बाबाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्याला तिकडं येता येत नाय. कार्ब्युरेटर त्याच्याबिगर कुणाला बसवता येत नाय. दार बुटकं, रिकव्हरीचा ट्रक आत घुसत नाय. म्हणून डॉली. आज विकत्यात ना? मी शेठला बोललेलो, गाडी मुकी जाऊ देनार नाय."

"फोन का बंद तुमचा?"

त्याने पिकअपच्या काचेमागे पडलेला फोन दाखवला. उन्हाने तापून बंद पडला होता.

"निघताना कुणाला सांगितलंत?"

"शेठला."

मी मुलीकडे पाहिलं. "चाचा, शेठना जाऊन सहा महिने झाले."

"मना ठावं नाय काय? मी खांदा दिलाय त्यांना." त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "नंबर तोच हाय ना. फोन भाभीपाशी हाय. अकरा वर्सं कामाला लागायच्या आधी त्याच नंबरावर बोलतो, आज काय करनार ते. आज काय नवीन नंबर शोधू?"

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी ताईंना फोन लावला. गाडी सापडली, एक ओरखडाही नाही, हे आधी सांगितलं. मग विचारलं, "ताई, यजमानांचा फोन कुठे आहे?"

"देवापाशी. रोज चार्ज करते."

"उघडला होता कधी?"

"नाही, काका. जमत नाही. त्यात त्यांचं सगळं अर्धवट असेल."

नोकरीत मी माणसांकडून बरंच काही वदवून घेतलं आहे. हे एक वाक्य मात्र माझंच होतं. मी इतकंच म्हणालो, "मिस्त्रीचा निरोप त्यात आहे. चार वाजायला चाळीस मिनिटं आहेत. मी फोन ठेवत नाही. तुम्ही सावकाश उघडा."

त्यांची पावलं ऐकू आली. मग काहीतरी ठेवल्याचा आवाज. मग, दूरून, फोनमधल्या फोनमधून, माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज: "शेठ, सलाम. गाडी उम्म अल कुवैनला नेतो. शाफ्ट काढून बेंचवर ठेवलाय, काळजी नको. चारपर्यंत परत आनतो. भाभीला सांगा."

ताई रडत होत्या की हसत होत्या ते कळलं नाही. "भाभीला सांगा म्हणतोय, काका. ह्यांना सांगतोय." आणि मग, अगदी वेगळ्या आवाजात, "भाऊजींना मी बघते. ते ठाण्याच्या दारात असले तरी परत येतील."

"भाभी, ठेवू नका," मिस्त्री ओरडला. "थांबा जरा."

अरब म्हाताऱ्याने हात वर केला. "यल्ला, बिस्मिल्ला." मिस्त्रीने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला, निळा धूर आला, आणि मग ते लागलं. जाड, खोल, एकसारखं घुमणारं. पत्रे थरथरले. शेजारच्या गाळ्यांतली माणसं दारात आली. मी फोन उंच धरून उभा होतो, हात दुखायला लागला तरी धरून होतो. मुलगी माझा दुसरा हात धरून उड्या मारत होती, बेचाळीस वर्षांची बाई.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना डॉली शेडपाशी पोचली. पहारेकरी खाटेवरून उठला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बोला था ना, साहब." मी त्याला सलाम केला. दीर गाडीभोवती दोनदा फिरले. मग मिस्त्रीला म्हणाले, "चाचा, सांगून तरी जायचं."

"सांगितला होता," मिस्त्री म्हणाला आणि शाफ्ट बसवायला गाडीखाली गेला. गिऱ्हाईक तासभर थांबलं. गाडी गेली ती स्वतःच्या चाकांवर, आवाज करत. बुधवारी मिस्त्रीही गेला. ताईंनी विमानतळावर त्याला ती लुंगी धुऊन, घडी करून दिली.

ह्या तपासाने मला एक शिकवलं, जे ठाण्यात कुणी शिकवलं नसतं. सुटं करून ठेवलेलं सगळंच मोडलेलं नसतं. काही माणसं एखादी गोष्ट सुटी करतात ती वाटेत जळू नये म्हणून, आणि नीट गुंडाळून ठेवतात, पुन्हा जोडता यावी म्हणून. गुंडाळलेलं तसंच ठेवलं तर मात्र ती गाडी कधी चालत नाही.

घरी आल्यावर मी बॅगेच्या तळातून पत्नीचा फोन काढला आणि मुलीकडे जुन्या पिनचा चार्जर मागितला. तिने शोधून आणला, आणि माझ्याजवळ बसली.