नटीची ओटी

नागपुरात सांगलीच्या एका फोटोग्राफरच्या, नानांच्या फोटोंविषयी ऐकले तेव्हा मला तो चावटपणाच वाटला होता. तंबूतल्या सिनेमाबाहेर उभ्या असतात त्या प्लायवूडच्या, माणसाएवढ्या नटनट्या उसन्या आणायच्या आणि खेड्यात नेऊन फोटो काढायचे! पण पुढे फिरतीवर असताना साताऱ्याहून सांगलीला पोहोचलो आणि नानांच्या स्टुडिओत भिंतीवरच्या एका फोटोत सिनेमाचा नायक न्हाव्याकडे नंबर लावून उभा दिसला. शेजारची माणसे त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती. मी गारच झालो.

दुसऱ्या दिवशी एसटीच्या टपावर एका नटीला बांधून आम्ही कवठे महांकाळच्या बाजूला निघालो. संध्याकाळच्या खेळाआधी ती परत हवी, डाग पडला तर पुन्हा मिळणार नाही, असे तंबूच्या मालकाने बजावले होते. नानांना एकच फोटो हवा होता: ती बायकांतलीच एक वाटावी असा. तेच जमेना. रानात (शेतात) शेंगा तोडणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत, नाहीतर फोटोसाठी ताठ उभ्या राहत. एका घरी भाकरी आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) मिळाला, पण नाना ताट तसेच ठेवून कॅमेरा पुसत बसले. मला त्यांची फार कणव आली.

निघताना त्या घरच्या म्हातारीने ओसरीला टेकवलेली नटी पाहिली आणि सुनेला हाक मारली.

"बाईमाणूस दारात आलंया. तशीच धाडतीस व्हय गं?"

मला थट्टा वाटली. सून मात्र करंडा, खण, तांदूळ घेऊन आली आणि तिने नटीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावले. झाला डाग! नाना तडक कॅमेऱ्यामागे गेले. आता ओटी घ्यायची कशी? नटीचे हात कमरेवर रंगवलेले. मग ओटी पाहायला आलेली एक शेजारीण तिला खेटून उभी राहिली आणि तिच्या वतीने आपला पदर पसरला. कुणी हसले नाही. नानांनी बटण दाबले.

तंबूपाशी कुंकू पाहून मालक भडकला. यापुढे काही मिळणार नाही म्हणत ओले फडके घेऊन आला. तिकिटासाठी थांबलेली एक बाई पुढे झाली.

"आवं मालक, कुणाचं कुंकू पुसताय?"

मालकाने फडके खाली ठेवले. नटी तशीच उभी राहिली.

घरी परतल्यावर तो फोटो मी काही न सांगता बायकोपुढे ठेवला. तिने तो बराच वेळ पाहिला.

"ओटी घेतेय तिच्या शेजारची ही पाहुणी कुणाकडची हो?" तिने विचारले.

इतकी मोठी दाद नानांना माझ्याकडून मिळाली नव्हती.