नानांची निळी गाडी

स्वतःच्या खिशाला भोक आणि मंडळाच्या पैशाला कुलूप, असा खजिनदार अख्ख्या खानदेशात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. पाचोऱ्यातलं आमचं सेवा मंडळ म्हणजे चार व्यापारी, तीन मास्तर आणि नाना. बैठक आमच्या गच्चीवर. मध्ये बिस्किटांचा जुना डबा, तो दंडाचा. उशीर झाला, दंड. जांभई दिली, दंड. अध्यक्षांना नातू झाला, तर पेढ्याआधी नानांनी डबा पुढे केला, "आनंदाचाही दंड असतो, भाऊ." ते स्वतः बैठकीत घोरत आणि जाग आली की आधी डबा चाचपत. सगळ्यांच्या चहाचं दूध माझ्या स्वयंपाकघरातलं, त्याबद्दल मात्र कोणाला दंड नव्हता!

सगळा पैसा गंगाजळीत जाई, आणि गंगाजळी रुग्णवाहिकेसाठी. सासूबाईंना जळगावला न्यायला जीप मिळेपर्यंत फार उशीर झाला होता. ते नाना कधी बोलत नसत. उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी शिंपडलेल्या गच्चीवर आडवे होत आणि आभाळाकडे बघत गाडी विकत घेत. कधी तिला पडदे लावत, कधी आत पंखा बसवत. रंग तेवढा बदलत नसे. "निळीच लेसूत, बेटा. तिले निळा रंग आवडे." मीही कपडे वाळत घालता घालता त्या गाडीतून जळगावपर्यंत जाऊन येई.

एकदा अध्यक्षांनी त्या पैशातून सभागृह बांधायचं काढलं. नानांनी डबा मांडीवर घेतला. "गंगाजळीले हात लावाना नही." सभागृह तिथंच संपलं.

शेवटी गाडी आली. पांढरीशुभ्र. नारळ फुटला, नानांनी हार घातला, आणि त्या संध्याकाळी ते गच्चीवर नुसतेच पडून राहिले. विकत घ्यायला काही उरलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या बैठकीला सगळे खाली गाडीभोवती जमले. दाराखालून बोटभर निळी पट्टी गेली होती, रंग अजून ओला. कोणी काही विचारायच्या आत नानांनी रिकामा डबा उघडला आणि स्वतःची नोट आत टाकली.

"मना खिसामातून करं, पन मंडळले ईचारं नही. दंड भरना पडी."

नवी गंगाजळी त्या नोटेपासून सुरू झाली. चहा मी त्या दिवशी न मागता केला.