‘कधी कधी’ न मानणारी जाऊ

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात ‘कधी कधी’ या शब्दावर विश्वास नसलेली एकच बाई आहे आणि ती माझी धाकटी जाऊ आहे. सासूबाई एकदा सहज म्हणाल्या की गुडघा कधी कधी दुखतो. झालं. हिने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि रोज दोन वेळा विचारून त्यावर खुणा करायला लागली. महिन्याभराने निकाल जाहीर केला : गुडघा फक्त सिहोऱ्याच्या आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुखतो, कारण बाजारात भाजीवालीजवळ उकिडवं बसून दोन तास गप्पा चालतात. सासूबाई आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. पण पुढच्या बाजाराला जाताना त्यांनी पिशवीत मुकाट्याने छोटं स्टूल घातलं. शेतातला मोटरपंप मधूनमधून बंद पडायचा तेव्हाही तेच. माझ्या नवऱ्याचा उपाय म्हणजे स्टार्टरला एक बुक्की. ही आडवी आली. “भाऊजी, बुक्की मारली का चालू होते, मंग काहून बंद पडला ते कधीच समजत नाही.” धान तहानलेलं, नवरा संतापलेला, आणि ही स्टार्टरचं झाकण उघडून आत घर केलेल्या मुंग्या दाखवतेय.

पोटापाण्यासाठी ती पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते, तेही आमच्या घरातल्या धानाच्या पोत्यांच्या खोलीतून. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणून तिने ती खोली मागून घेतली. दीर शेती पाहतात, त्यामुळे गाव सोडणं दोघांनाही नको होतं. तिच्या कंपनीचे प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंद डब्यांतून चालतात. मशिनं नऊ, आणि कोणता डबा कोणत्या मशिनवर चढवायचा हे एक मुख्य प्रोग्राम स्वतःच ठरवतो. एवढं मला कळावं म्हणून तिने चहाचे कप मांडून दाखवलं होतं.

गेल्या वर्षी या मशिनांत एक विचित्र दुखणं शिरलं. रुग्णालयांना रक्ततपासणीचे अहवाल पोचवणारा प्रोग्राम मध्येच ‘परवानगी नाही’ म्हणून अडून बसायचा. रीस्टार्ट केला की मुकाट चालायचा, दोन दिवसांनी पुन्हा अडायचा. तिकडे पेशंट अहवालाची वाट पाहत बसलेला. तक्रारी सुरू झाल्या त्याच आठवड्यात हिने प्रोग्राममध्ये एक बदल केला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की गावात बसून असली कामं होत नाहीत. महिन्याभरात हे मिटलं नाही, तर पुण्याला येऊन राहावं लागेल.

सहकारी म्हणाले, कधी कधी होतं असं, रीस्टार्ट करायचं नि सोडून द्यायचं. कोणापुढे काय बोलतोय हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. हिने प्रत्येक वेळचा लॉग काढला, म्हणजे मशिनने स्वतःच लिहून ठेवलेली नोंद, आणि कॅलेंडरांच्या कोऱ्या मागच्या बाजूंवर तक्ता मांडला : वेळ, प्रोग्राम, मशीन. त्या दिवसांत ती वरणात मिठाऐवजी साखर घालायची आणि दीर ते न बोलता खायचे. तिसऱ्या आठवड्यात तक्ता बोलला. जवळजवळ सगळ्या नोंदी एकाच मशिनच्या होत्या. ते मशीन मागाहून, तक्रारींच्या जरा आधीच, आणलेलं. त्यावरचा सुरक्षेचा नियम बाकी आठांपेक्षा कडक, त्यामुळे ते डब्याला स्वतःचीच फाईल उघडू देत नव्हतं. रीस्टार्ट केल्यावर डबा दुसऱ्या मशिनवर जायचा, म्हणून सगळं सुरळीत वाटायचं. ते मशीन बसवण्याशी हिचा काडीचा संबंध नव्हता.

मी पेढे आणायला निघाले, तर ही म्हणाली, “ताई, थांबा. दोन नोंदी त्यात बसून नाही राहिल्या.” त्या दोन्ही बाकीच्या, चांगल्या मशिनांवरच्या होत्या. चार दिवस ती त्या दोन नोंदींच्या मागे लागली आणि शेवटी जे सापडलं ते तिचं स्वतःचं होतं. प्रोग्रामला परवानगी ठरावीक वेळाने नव्याने घ्यावी लागते, आणि हिच्या बदलामुळे तो क्वचित मुदत संपलेलीच परवानगी दाखवत बसायचा. दुरुस्ती दोन ओळींची. गुपचूप केली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. दीरांनी तसं सुचवलंही. तिने एवढंच विचारलं, “त्या दोन वेळा कोणाचा अहवाल अडकला असन तं?”

तिच्या ऑनलाइन मीटिंगला मी त्या खोलीतल्या पोत्यावर बसून होते. तिने आधी स्वतःची चूक सांगितली, मग मशिनची. साहेबांनी तो तक्ता सगळ्यांना पाठवायला सांगितला. पुण्याला येण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

रविवारी रोवण्याला, धानाच्या लावणीला, मी शेताच्या बांधीत उतरले आणि बायांना ही हकीकत रंगवून सांगितली. अभिमानाने माझा आवाज चांगलाच चढला होता. शेजारच्या काकू धानाचे परे लावता लावता म्हणाल्या, “सुटली होती नं ती? मंग आपली चूक काहून सांगितली?”

मी बावीस वर्षं शाळेत शिकवते. निकालपत्रकात माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल आमच्या शिपायाने बोलणी खाल्ली होती, आणि मी तेव्हा गप्प बसले होते. तो माणूस आता नाही. काकूंना मी म्हटलं, “तिले तसंच जमते,” आणि वाकून पुढची ओळ लावायला घेतली.