पाहुण्यांना विचारायचे प्रश्न

गोंदियाच्या एका एमबीए कॉलेजात मी मुलांकडून मुलाखतीची तयारी करून घेते. कसं बसायचं, कुठे बघायचं, आवाज किती ठेवायचा. माझा पारा लवकर चढतो, हे पोरांना पहिल्याच आठवड्यात कळतं.

सौंदडहून गाडीने येणारी एक मुलगी होती. अभ्यासात हुशार, प्रोजेक्टमध्ये सगळ्यांच्या पुढे. पण सरावाची मुलाखत सुरू झाली की खुर्चीच्या कडेवर टेकायची, नजर फरशीवर, प्रत्येक प्रश्नाला हळूच "हो जी". नागपूरची एक कंपनी कॉलेजात निवड करायला येणार होती. नोकरी लागली तर ठीक, नाही तर धान कापून झाल्यावर लग्न, असं घरच्यांनी सांगून ठेवलेलं. "मले नोकरी पाहिजेच मॅडम," असं ती मला एकदा जिन्यात गाठून सांगून गेली होती.

त्या दिवशी मी भडकलेच. "अगं, अशी काय बसतेस? दाखवायला बसवलंय का तुला?"

"मग कशी बसू जी?" ती म्हणाली. "पाहुणे पाहाले आले तवा तीन खेपा अशीच बसली. आई म्हणते, मान वर नको करू, विचारलं तेवढंच सांग."

घ्या! अनोळखी मोठी माणसं समोर बसून आपल्याला पारखतात, अशी एकच बैठक पोरीला माहीत होती, आणि त्या बैठकीत ती पोह्यांची ताटली घेऊन जायची. माझा राग कुठल्या कुठे पळाला. फार माया आली मला तिची.

मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं. "आता तू तुझ्या बाबांच्या जागी. कंपनीचं स्थळ आलंय. काय काय विचारशील?"

आधी लाजली, मग सुटलीच. "पोरगी राहीन कुठी? काम किती करवान? सणावाराले घरी धाडान का? अन् आधीची पोरगी काऊन सोडून गेली?"

सगळा वर्ग खो खो हसला. तीही हसली, मान वर करून.

खऱ्या मुलाखतीत साहेबांनी शेवटी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" तिने त्यांच्याकडे सरळ बघत हे सगळं विचारलं. दाराबाहेर मी नखं खात होते. शेवटच्या प्रश्नावर साहेब जरा अडखळले म्हणे, पण त्यांनी खरं काय ते सांगितलं. आणि तिला घेतलं.

पेढे घेऊन ती स्टाफरूममध्ये आली. माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाली, "रविवारी आणखी पाहुणे येऊन राहिले मॅडम. बाबा म्हणते, पाहून तर घेऊ."

पेढा तसाच हातात धरून मी विचारलं, "आणि तू काय करणार?"

"पोहे मीच नेणार जी. पण मग खुर्ची घेऊन समोर बसणार. मले बी त्याइले विचाराचं आहे."