भिशीतून बाहेर पडलेले क्लार्क

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याची माफी असावी. चौथीपर्यंतच शिकले.

कुपवाडच्या कारखान्यात मी झाडलोट करते. तिथले हिशेबाचे क्लार्क डबा खाताना चष्मा कपाळावर ढकलून पेपर मोठ्यानं वाचत. एकदा म्हणाले, "मावशी, मोठ्या कंपन्यांकडून निदान एवढा कर घ्यायचाच, असं सगळ्या देशांनी ठरवलं होतं. आता एक बलाढ्य देश त्या करारातून बाहेर पडला. त्याला कोण विचारणार?"

आम्हा कामगारांची भिशी होती. पहिली उचल क्लार्कनीच घेतली, मुलीच्या फीसाठी. नंतर हप्ता देईनात. म्हणाले, "मी भिशीतून बाहेर." पुढची पाळी माझी होती, घराचा गळका पत्रा बदलायचा होता. पण दिवसभर वाकून झाडल्यावर भांडायला अंगात जीव नसतो.

पॅकिंगमधली अक्का मात्र सगळ्यांसमोर म्हणाली, "आवं सायेब, उचल घिऊन बाहेर पडाया तुमी काय देश हाय व्हय?"

सगळे हसले. क्लार्क चष्मा पुसत बसले. त्या दिवसापासून ते पेपर मनातच वाचतात. पगार झाला की खाली बघत अक्काच्या हातात हप्ता ठेवायचे. माझा पत्रा एक पावसाळा उशिरा बदलला. परवा त्यांनी शेवटचा हप्ता दिला आणि सगळे पैसे फिटले.