सासूबाईंच्या शालूचा पडदा

माझा हात शिवणात बरा आहे, असं अश्दोदमधले आमचे मराठी ज्यू लोक म्हणतात. म्हणोत बापडे. ज्या एका कामासाठी देवाने हा हात दिला असेल, तेच मी वेळेवर केलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंदरावर काम करणाऱ्या माझ्या यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा सासूबाईंनी आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, नवस बोलला. मुलगा बरा झाला. घरी पोहे-खोबऱ्याचा मलिदा केला, शेजारीपाजारी जेवले. नवसातलं एक मात्र उरलं होतं: सिनेगॉगमधल्या तोरा या धर्मग्रंथाच्या कपाटाला, आमच्या हेखालला, नवा पडदा. त्यासाठी सासूबाईंनी ठाण्याहून आणलेला लग्नाचा शालू माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "काय हवं ते काढ गो त्याच्यावर. पण रोश-हशानाच्या आत लाव. माझी नजर अधू होत चाललीय, मला बघायचाय."

मी वही घेतली. डाळिंबं काढली. मग द्राक्षांचा वेल बरा वाटला, मग दोन सिंह, मग मुकुट, मग एलियाहूचा अग्निरथ. रोज नवं सुचायचं आणि कालचं फिकं वाटायचं. शालू एकच, एकदा कात्री लागली की संपलं, या धास्तीने हात पुढे जाईना. सासूबाई वही डोळ्यांशी धरून म्हणायच्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या! अगं, देव काय तुझी ड्रॉइंगची परीक्षा घेतोय?" मी हसायचे. रोश-हशाना, आमचा नववर्षाचा सण, आला नि गेला. म्हटलं, वसंतात पेसाहच्या सणाला लावू.

त्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात त्यांनी माझा हात धरून विचारलं, "झाला का पडदा?" मी म्हटलं, "थोडाच राहिलाय." खोटं! एक टाकासुद्धा घातला नव्हता. त्या समाधानाने हसल्या आणि दोन दिवसांनी गेल्या. ते हसू आठवलं की अजून जीव तुटतो.

महिन्याचा दुखवटा संपल्यावर मी वही आणि शालू घेऊन निघाले. शहरात एक चित्रकार होता, म्हटलं त्यालाच निवडू दे. बसमध्ये शेजारी मोरोक्कोकडची एक बाई बसली, मांडीवर कोथिंबिरीची पिशवी. तिने वही मागून घेतली, माझ्याकडून सासूबाईंच्या नवसाची हकिकत ऐकत सावकाश पानं उलटली आणि हिब्रूत विचारलं, "सगळीच सुंदर आहेत. तिने यातलं कुठलं मागितलं होतं?"

माझ्या तोंडून निघालं, "कुठलंच नाही. तिने फक्त लवकर मागितला होता."

हे मी स्वतः पहिल्यांदाच ऐकत होते. रडू आवरेना. बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "मग आता कोणाची वाट बघतेस?" पुढच्या स्टॉपला ती उतरली. मीही उतरले आणि उलट्या बसने घरी आले. ती कोण होती, मला ठाऊक नाही. माझ्यासाठी तिला देवाने धाडलं, एवढं मी मानते.

त्याच दुपारी "देवा, आता तूच बघ" म्हणून शालूला कात्री लावली. वहीतलं पहिलंच पान घेतलं, डाळिंबांचं. पेसाहला पडदा लागला. सगळे वाखाणत होते आणि मला मान वर करवत नव्हती. जिला बघायचा होता ती नव्हती.

देवाने माफ केलं असेल, तो दयाळू आहे. मी अजून स्वतःला केलेलं नाही. आता कोणी म्हातारं माणूस काही शिवायला घेऊन आलं, तर मी त्याला जाऊ देत नाही. म्हणते, "बसा, चहा घ्या. पहिला टाका बघूनच जा."