तायडेसाहेबांच्या गल्लीतली लाइन

शेषराव तायडे अकोल्याला एका सरकारी कार्यालयाच्या खरेदी विभागात होते. त्यांच्या कारकिर्दीत त्या कार्यालयात तीन कोटेशनांशिवाय केरसुणीसुद्धा आली नाही. एकदा ऐन मे महिन्यात एका अभियंत्याच्या खोलीतला पंखा जळाला. अभियंता घामाने निथळत खरेदी विभागात आला. शेषरावांनी त्याला बसायला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि तुलनात्मक तक्ता व्हायला अजून आठवडा लागेल असं सांगितलं. त्या माणसाने शेवटी पदरमोड करून पंखा आणला. शेषरावांनी त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला.

असा हा माणूस. घर अमरावतीला, वलगाव रोडवरच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत. नोकरीभर बडनेऱ्याहून गाडीने अकोला आणि संध्याकाळी परत. डब्यातल्या पत्त्यांच्या डावातही ते पान टाकायला इतका वेळ घेत की मूर्तिजापूर येऊन जाई. निवृत्त झाल्यावर गल्लीने त्यांना विकास मंडळाचं अध्यक्ष केलं, विहाराच्या समितीतही घेतलं. 'साहेब पाहून घेतील' हे गल्लीतल्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर झालं. साहेब पाहून घेतातच, असा सगळ्यांचा समज होता. साहेबांचाही होता.

पत्नी ज्योत्स्नाबाई गेल्यावर घरात दोघंच उरली, शेषराव आणि त्यांच्या आई जाईबाई. दोघांमध्ये दिवसभरात होणारं बोलणं पोस्टकार्डावर मावलं असतं. म्हणून मुलगी दीक्षा जेव्हा पुण्याहून फोनवर म्हणाली की, कंपनी घरून काम करू द्यायला तयार आहे, तेव्हा शेषरावांनी फोन ठेवला आणि त्याच दिवशी तिच्या खोलीला चुना मारायला माणूस बोलावला.

दीक्षाचं काम विम्याच्या दाव्यांचं. दुपारनंतर तिला परदेशातल्या लोकांशी पडद्यावर बोलावं लागे. कंपनीची अट एकच होती. लाइन तुटता कामा नये. तुटत राहिली, तर परत पुण्याला.

"लाइनीचं मी पाहून घेतो," शेषराव म्हणाले.

गल्लीत मोबाइलला गच्चीवरच काय तो सिग्नल मिळायचा, म्हणजे घरात नेट हवंच होतं. शेजारच्या लेआउटपर्यंत एका कंपनीची केबल येऊन ठेपली होती. शेषराव तिची माहिती काढायला निघणार, तोच दारात अमोल उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात टॅब.

"जयभीम काका. फायबर लावून देतो जी."

आता इथे, तीन कोटेशनांचा बाप असलेल्या या माणसाने काय विचारावं? स्पीड किती, वायर कुठून येणार, बिघडलं तर कोण येणार, सोडायचं झालं तर काय, असे चार प्रश्न कोणालाही सुचतील. शेषरावांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

"वलगाव."

"वलगावात कोणाचे?"

"सुखदेव गवई माहे आजोबा."

आतून जाईबाईंचा आवाज आला. "कोन सुखदेव? विहिरीपाशी घर हाय तो?"

"हो जी आजी."

"अन् तुयी माय कुठली?"

अमोलची माय दर्यापूरकडची निघाली. तिची मावशी जाईबाईंच्या माहेरच्या भावकीत दिलेली निघाली. अर्ध्या तासात अमोल काकावरून मामाजीवर आला, चहा झाला, पोहे झाले. जाईबाईंनी त्याच्या आजोबाच्या कोण्या जुन्या भांडणात कोणाचं चुकलं होतं, तेही निकालात काढलं. या घरात एवढी कसून चौकशी पूर्वी फक्त सोयरीक जमवताना झाली होती. चौकशीत मुलगा शंभर टक्के उतरला. नेटबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

अमोलनेच मग विषय काढला. एकट्या घरासाठी कंपनी वायर टाकत नाही, पण मंडळाने पूर्ण गल्लीसाठी सही दिली तर विहाराच्या अभ्यासिकेला कनेक्शन फुकट. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं बसत. त्यांच्यासाठी शेषराव वर्षभर कोणा ना कोणाकडे नेट मागत होते. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला विहार, मध्ये बसलेला भाचा. त्यांनी मंडळाच्या वतीने सही केली. बारीक अक्षर होतं, पण भाच्यासमोर ओळ न् ओळ वाचत बसणं बरं दिसलं नसतं.

मग गल्लीनेही धडाधड नावं दिली. मंडळाचे खजिनदार नत्थुजी इंगळे यांनी तर टॅबकडे पाहिलंही नाही. "साहेबांनी सही केली न? मंग कुठं बोट टेकवू ते सांग."

दीक्षा आली. पहिले चार दिवस लाइन अशी चालली की शेषरावांनी शेजारच्या लेआउटमधल्या खुशालरावांना रस्त्यात थांबवून सांगितलं, "आमच्याकडे फायबर आहे." खुशालरावांचा फुलांचा आणि भाजीचा धंदा. हातात झेंडूची टोपली होती, ते "हो का जी" म्हणाले आणि पुढे गेले.

पाचव्या दिवशी गल्लीतली सगळी घरं जोडून झाली आणि लाइनीने मान टाकली. एका बारीक नळातून अख्खी गल्ली पाणी ओढू लागावी, तसं झालं. सकाळी येई, दुपारी जाई. दीक्षाच्या पडद्यावरचे गोरे लोक तोंड उघडं टाकून थिजत. ती गच्चीवर गेली, तर उन्हाने लॅपटॉप इतका तापला की तो स्वतःच बंद पडला. कंपनीतून तिला विचारणा झाली, मग जरा करड्या आवाजात विचारणा झाली.

शेषराव अमोलला फोन लावत. "मामाजी, वरून प्रॉब्लेम हाय," अमोल सांगे. वर म्हणजे कुठे, हे त्यालाही ठाऊक नसावं. पुढे तो फोन उचलीनासा झाला.

शेवटी शेषराव पुन्हा बडनेऱ्याला गाडीत बसले आणि अकोल्याला उतरले. अमोलच्या कंपनीचं ऑफिस टॉवर चौकाच्या मागे, एका साड्यांच्या दुकानावर होतं. काउंटरवर गीतांजली नावाची मुलगी होती, अतिशय गोड बोलणारी.

"काका, तक्रार ॲपवर टाकली का?"

"ॲप उघडत नाही."

"काहून?"

"नेट नाही."

"मंग नेट आलं की टाका न जी."

शेषरावांनी अशी उत्तरं आयुष्यभर दिली होती. काउंटरच्या या बाजूला उभं राहून ऐकण्याची ही पहिलीच खेप. त्यांनी गल्लीचं कनेक्शन बंद करायची गोष्ट काढली. गीतांजलीने कागद काढून त्यांच्यासमोर सरकवला. मंडळ दोन वर्षं बांधलेलं होतं. मध्येच सोडलं तर सगळ्या घरांचे उरलेल्या मुदतीचे पैसे मंडळाने भरायचे. दोन वर्षं गल्लीच्या खांबांवर दुसऱ्या कोणाची वायर चढू द्यायची नाही. आणि स्पीड होता 'शंभरपर्यंत'.

"पर्यंत म्हणजे?"

"म्हंजे शंभरच्या वर नाई जात, काका."

"खाली किती जातो?"

"खालचं नाई लिहिलेलं." तिने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "सही तुमचीच हाय न काका?"

सही त्यांचीच होती. सुवाच्य, खाली तारीख, एका रेषेत. अशा कागदाची फाइल कोणी त्यांच्या टेबलावर आणली असती, तर त्यांनी ती आणणाऱ्याच्या अंगावर फेकली असती.

परतीच्या गाडीत त्यांनी हिशेब मांडून पाहिला आणि प्रत्येक वाट बंद निघाली. दुसरी वायर आणता येत नव्हती, कारण मंडळाची सही. मंडळाला सांगता येत नव्हतं, कारण मंडळाने विचारायचं सोडून दिलं होतं ते त्यांच्याच भरवशावर. अमोलवर ओरडावं, तर आईच्या माहेरी बोभाटा. गल्लीत नत्थुजी विचारत, "साहेब, लाइन कावून जाऊन राह्यली?" आणि साहेब सांगत, "वरून प्रॉब्लेम आहे." लोकांचं समाधान होई. साहेबांना माहीत आहे म्हणजे साहेब पाहून घेतील.

घरी आले तर दीक्षा बॅगेची चेन तपासत होती.

"बाबा, उद्याची मीटिंग मोठी आहे. ही तुटली तर ते परतच बोलावणार. आधीच आवरून ठेवलेलं बरं."

शेषरावांनी बॅगेकडे पाहिलं. चप्पल पायात होतीच. ते तसेच वळले आणि खुशालरावांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

"या साहेब," खुशालराव म्हणाले. "फायबर सोडून आज आमच्या गरिबाच्या गल्लीत?"

"तुमच्याकडे लाइन चांगली चालते म्हणतात."

"चालते. कावून चालते मले नका इचारू. त्या केबल कंपनीचा डबा आमच्या भिंतीवर लावू देला, तेवढंच माहं कर्तृत्व." मग शेषरावांचा चेहरा पाहून त्यांनी थट्टा आवरली. "कामाचं बोला."

"दीक्षाला उद्या दुपारी बसू द्याल का?"

खुशालरावांच्या पत्नी वच्छलाबाई आतूनच म्हणाल्या, "बसू द्याल का म्हंजे? पोरगी का पैसे मागाले येऊन राह्यली? पाठवा तिले."

मीटिंग झाली. लाइन एकदाही तुटली नाही. दीक्षाची बॅग पुन्हा माळ्यावर गेली आणि दीक्षा खुशालरावांच्या समोरच्या खोलीत. रोज दुपारी जेवून ती तिकडे जाई आणि रात्री काम आटोपून परत येई. वच्छलाबाई तिला मधल्या वेळी काही ना काही खायला घालत. शेषराव तिला पोचवायला जात, खुशालरावांचा चहा घेत आणि चहाबरोबर मिळेल तेही घेत. "साहेब, तुमच्या फायबरची तब्येत कशी हाय?" हे ठरलेलं होतं.

जाईबाईंनी एकदा विचारलंच. "पोट्टी घरी आनली म्हंतं अन् दिसते तं खुशालच्या घरी. हे कोनतं आननं?"

गल्लीत शेषरावांनी सांगितलं होतं की, दीक्षाला कामासाठी शांतता लागते. खुशालरावांच्या घरासमोर दिवसभर फुलांचे टेम्पो लागत. तरी कोणी खोदून विचारलं नाही. साहेबांचा शब्द होता.

असेच दोनेक महिने गेले. एका संध्याकाळी खुशालरावांचा निरोप आला, जरा येऊन जा. नत्थुजी ओट्यावरच बसले होते, तेही सोबत निघाले. खुशालरावांच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, त्यांच्या लेआउटचे दहाबारा जण बसलेले, आणि मध्ये टॅब घेऊन अमोल.

"पाया पडतो मामाजी," अमोल उठून म्हणाला आणि खरंच पाया पडला.

प्रकरण लगेच ध्यानात आलं. दर आधीच्या कंपनीपेक्षा कमी, मंडळाने एक सही द्यायची, बदल्यात देवळाला कनेक्शन फुकट. सहीनंतर जुन्या कंपनीची वायर निघणार. भिंतीवरचा डबाही निघणार.

"मी म्हटलं सही कराले काही नाई," खुशालराव म्हणाले, "पन साहेबाइले एकडाव इचारून घेऊ. शिकलेला मानूस हाय, खरेदीत होता. त्यायच्या गल्लीत तीन-चार महिने होत आले. ते हो म्हनत असन तं आपन डोळे झाकून देऊ."

"इचारा न, मामाजी समोरच हायेत," अमोल हसून म्हणाला. त्याच्या हसण्यात लबाडी नव्हती. मामाजी काय बोलतील याबद्दल त्याला शंकाच नव्हती, कारण मामाजी आजवर चारचौघांत 'वरून प्रॉब्लेम आहे' यापलीकडे काही बोलले नव्हते.

समोरच्या खोलीतून दीक्षाचा आवाज येत होता. ती इंग्रजीत कोणाला तरी शांतपणे समजावत होती. मध्येच हसली. न थिजता, न तुटता, वाक्य पूर्ण झालं.

शेषराव उभेच होते. हो म्हटलं तर हा आवाज पुण्याला जाणार. नाही म्हटलं तर उजव्या हाताला नत्थुजी, समोर आईच्या माहेरचा नातू.

"लावू नका," ते म्हणाले.

"मामाजी?"

"हा पोरगा आला तेव्हा मी याचं गाव विचारलं, आजोबा विचारले, मायचं माहेर विचारलं. लाइन कशी चालते, हे याला नाही विचारलं अन् दुसऱ्या कोणालाही नाही विचारलं. कागद न वाचता सही केली. आमच्याकडे लाइन चालत नाही. दोन वर्षं सोडताही येत नाही. पोरगी आत बसली आहे, ती त्याच्यापायी."

 अमोलने टॅबचा पडदा विझवला आणि तो उगाच पुसू लागला.

"म्हंजे साहेब," नत्थुजी हळू म्हणाले, "वरून प्रॉब्लेम नव्हता?"

"नव्हता."

"अन् तुमाले कधीपासून मालूम?"

"अकोल्याला जाऊन आलो तेव्हापासून."

"आमी तुमच्यावर टाकून मोकळे झालो होतो जी."

"हो."

"मंग आमाले सांगाचं तरी."

 खुशालरावांनी चहा मागवला, या वेळी फायबरच्या तब्येतीची चौकशी न करता. तिथे कोणी सही केली नाही. अमोल चहा न घेताच उठला. जाताना पुन्हा पाया पडला, पण या खेपेला हात पायापर्यंत पोचले नाहीत.

परतताना नत्थुजी नेहमीसारखे बाजूने चालले नाहीत. चार पावलं पुढे चालत होते. गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर मंडळी बसली होती. नत्थुजी त्यांच्यात जाऊन बसले आणि खालच्या आवाजात सांगू लागले. शेषराव तिथे थांबले असते, तर त्यांना जागा करून दिली गेली असती. ती दिली जाईल याचीच त्यांना धास्ती वाटली. ते सरळ घरी आले.

जाईबाई अंधार पडायच्या आत दिवा लावून बसल्या होत्या.

"तो सुखदेवचा नातू तोंड पाडून गेला म्हंतेत. काय केलं तुवा?"

"खरं सांगितलं."

"आता माह्या माहेरचे बोलतीन."

"बोलू दे."

"अन् दीक्षा?"

"तिकडेच आहे. काम चालू आहे तिचं."

"राहाते न पन इथं?"

"राहाते."

जाईबाई भिंतीला धरून उठल्या. "मंग भाजी झाकून ठेव तिची," त्या म्हणाल्या. "अन् तू बस जेवाले."